टीव्हीवर नुसता मुरलीधर

या, असे पुढे येऊन बसा. भिंतीला टेकून, अर्ध्या कानानं ऐकायची ही गोष्ट नव्हे. कीर्तनाला उभं राहिल्यावर पुढची सतरंजी रिकामी दिसली की सांगणाऱ्याचा जीव थोडा होतो. तेव्हा सरका जवळ. एका बाईचा आवाज तिच्या गळ्यातून गेला. जाण्याआधी तिनं तो जपून ठेवला होता. आणि एके दिवशी उघडून पाहिलं तर ठेवलेल्या जागी काहीच नव्हतं. कोणी नेला, कसा नेला, आणि परत काय काय मिळालं, ते सांगायचं आहे. देवाचं नाव घेऊन सुरुवात करू या.

१

नागपूरला वाडीत, अमरावती रोडच्या मागच्या बाजूला, ट्रान्सपोर्टच्या गोदामांना लागून एक गल्ली आहे. दिवसभर तिथं ‘आन दे, आन दे’ करत ट्रक मागे घेतात. त्या गल्लीत कुसुमताई राहायच्या. चाळीस वर्षं कीर्तन केलेली बाई. नरखेडकडच्या खेड्यांतून संत्र्याची तोडणी सोडून बाया त्यांना ऐकायला यायच्या.

त्याच गळ्यात गाठ निघाली. धंतोलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, पण स्वरयंत्र काढावं लागेल. ताईंनी तीन आठवडे मागून घेतले. रोज गल्लीतल्या सभामंडपात उभं राहून, बसक्या आवाजात, त्यांनी एकवीस कीर्तनं केली आणि ती सगळी मुलाच्या, मुकुंदाच्या लॅपटॉपमध्ये भरून घेतली. भरायचं काम हिमानीचं. ही समोरच्या घरातली ट्रक ड्रायव्हरची मुलगी, कॉलेजात शिकणारी, ताईंच्या हाताखाली कीर्तन शिकणारी.

दुसरी प्रत कुठंच नव्हती. ताईंचा हट्ट. “उद्यापन झाल्याबिगर प्रसाद वाटत नसतात. मी दवाखान्यातून परत येतो, मग वाटू.”

त्या परत आल्या. आवाज आला नाही. पाटीवर लिहून बोलू लागल्या. आणि गुरुवारी सकाळी त्यांनी पाटीवर लिहिलं, ‘पहिलं लाव.’

मुकुंदानं लॅपटॉपवरचा लाल कपडा सोडला, झाकण उघडलं, बटण दाबलं. पडद्यावर शाई सांडल्यासारखा काळा डाग, त्यातून चहूकडे गेलेल्या रेघा. अक्षर दिसेना. त्यानं घरातला मोठा टीव्ही केबलनं जोडला. बराच वेळ टीव्ही ‘सिग्नल नाही’ म्हणत राहिला. मग रिमोटनं खटपट केल्यावर चित्र आलं.

मुरलीधर. निळा, बासरी धरलेला, पूर्ण पडदाभर. बाकी काही नाही. कीर्तनांचा फोल्डर नाही, एक फाइल नाही. देवाच्या पायाशी बाणासारखी एक बारीक खूण, तेवढीच हलत होती.

मुकुंद ओट्यावर आला आणि सगळ्या गल्लीदेखत हिमानीकडे बोट करून ओरडला, “तूच पुसलं!”

हिमानीनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. तिनं दारातून दिसणाऱ्या कुसुमताईंकडे पाहिलं. आणि ताईंनी, सख्ख्या नातीसारखं वागवणाऱ्या ताईंनी, मान भिंतीकडे फिरवली.

२

शुक्रवारी दुपारी तीन वाजता प्रेमानंद त्या घरात आला. धंतोलीच्या दवाखान्यांमधले मॉनिटर, सोनोग्राफीचे पडदे दुरुस्त करत त्याची बावीस वर्षं गेली होती. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी ताईंनी वॉर्डातल्या बायांना हलक्या आवाजात एक आख्यान सांगितलं होतं. तेव्हा तो बाहेर शिडीवर चढून पडद्याची वायर जोडत होता. घरी बुद्धवंदना करणारा माणूस. कीर्तनाला कधी बसलेला नाही. पण आख्यान संपेपर्यंत तो शिडीवरून उतरला नाही. म्हणून दवाखान्यातून नंबर घेऊन मुकुंदानं फोन करताच ‘येतो’ म्हणाला.

“पाच वाजता इतवारीतले एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाले येऊन राहिले,” मुकुंद म्हणाला. “ते म्हणते, मशीन गेली कामातून. सगळं साफ करून नव्यानं चालू करून देतो म्हणते.”

“साफ करून?” प्रेमानंद थबकला. “म्हणजे आत काही उरलं असन तं तेबी जाईन.”

“आत आहेच काय भाऊ? तुम्हीच पाहा.”

प्रेमानंदनं पाहिलं. मुरलीधर हसत उभा होता. कोपऱ्यातल्या पलंगावर कुसुमताई, गळ्यापुढे पांढरं फडकं, डोळे मिटलेले. पायथ्याशी त्यांची मोठी जाऊ पंचफुलाबाई, नरखेड तालुक्यातल्या गावाहून सेवेला आलेली. खिडकीशी धर्मेंद्र, अठरा वर्षं ताईंना हार्मोनियमची साथ करणारा.

“दवाखान्यात पडदा बंद पडला तं आम्ही आधी पेशंटची नाडी पाहतो,” प्रेमानंद म्हणाला. “पडदा मेला म्हणजे माणूस मेला असं नसते.”

त्यानं आधी लॅपटॉपचं झाकण बाहेरून चाचपलं. एक ओरखडा नाही, पोचा नाही. आतले तडे मात्र सगळे एकाच ठिकाणाहून निघालेले. त्या ठिकाणी अंगठा ठेवून त्यानं झाकण हळूच मिटवत आणलं. अंगठा कीबोर्डच्या डाव्या अंगाला टेकला. तिथं दोन बटणांच्या फटीत काहीतरी अडकलं होतं. त्यानं चिमट्यानं ते काढलं आणि तळहातावर घेतलं.

तांदळाचा दाणा. लाल.

त्यानं मूठ मिटली.

“मले चौघांशी वेगवेगळं बोलाचं आहे,” तो म्हणाला. “अन् तवर त्या इतवारीवाल्याले या मशीनले हात लावू देऊ नका.”

३

मुकुंद ओट्यावर बोलला. आईला तोही ताईच म्हणे. त्याचा राग निवला नव्हता. “तिनं ताईले म्हटलं होतं, मोबाईलवर टाकू, लोक पाहतीन. ताई नाही म्हणे. दोघींचं वाजलं. मग सगळं गायब! दुसरा कोन करन?”

“तुम्ही रोज कीर्तनाले होते?”

“मी गोदामात ड्युटीवर राहो. ती पोरगी आमचा टीव्ही मंडपात नेऊन ठेवे, एवढं माहीत आहे.”

“बरं, काल टीव्ही जोडल्यावर काय काय केलं? सगळं सांगा. येडेपणा वाटला तरी सांगा.”

मुकुंदानं डोकं खाजवलं. “खूप बटणं दाबली. काही उघडेना. तो बाण हलवला तं टीव्हीच्या डाव्या कडेले जाऊन गायब झाला. पुन्हा ओढला तं परत आला. पेनड्राइव्ह टाकला तं टीव्हीतून ‘टुंग’ असा आवाज आला, पण दिसलं काहीच नाही.”

“उजव्या कडेले गायब होते?”

“नाही. तिथं अडते. डावीकडेच जाते.”

शिडी उतरणाऱ्या माणसाला खालची पायरी पायाला लागावी, तसं प्रेमानंदला झालं.

धर्मेंद्र आला तो रुसवा घेऊनच. “मले काय विचारता? अठरा वर्षं पेटी वाजवली, अन् चाव्या त्या पोरीच्या हाती. आजकालच्यांले कीर्तनापेक्षा मोबाईलवरचे अंगठे मोजाचे राहते.”

“ताई घरी आल्यावर तुम्ही एकदा इथं येऊन गेले.”

प्रेमानंदनं अंधारात खडा टाकला होता. तो लागला. धर्मेंद्रचा चेहरा उतरला.

“कोनं सांगतलं? पंचफुलाबाईनं? हाव, मंगळवारी दुपारी आलो होतो. ताई झोपल्या होत्या. एक कीर्तन लावलं, आवाज एकदम बारीक करून. त्यांचा आवाज, अन् मागं माझी पेटी.” तो जरा थांबला. “आता कोनासाठी वाजवू भाऊ? ताईले खोकला आला, मी घाबरलो. रडताना पाहिलं असतं त्यांनी. तसाच उघडा टाकून निघून गेलो.”

“पडदा शाबूत होता?”

“चकचकीत.”

“अन् आता टीव्हीवर जे चित्र आहे, ते तेव्हा लॅपटॉपवर होतं?”

“नाही. त्याच्यावर तं कंपनीचं आलेलं चित्र असे. डोंगराचं.” धर्मेंद्रनं हात झटकला. “हा मुरलीधर मंडपातला. तिथं टीव्हीवर हाच राहे रोज. ती पोरगी म्हणे, लोकांनी देव पाहावा, माझा पसारा कशाले पाहावा?”

घड्याळात पावणेचार झाले होते.

४

हिमानीनं दार अर्धंच उघडलं.

“मी चोर आहे ना? मंग चोराले काय विचारता?”

“मी मशीनचा माणूस आहे, पोलीस नाही,” प्रेमानंद म्हणाला. “बाई, एकच सांग. तू शेवटी मशीन कवा पाहिली?”

“बुधवारी सकाळी. ताईले पाहाले गेली होती. लाल कपड्यात बांधून देव्हाऱ्यापाशी ठेवलेली होती. मी सोडली नाही. दुसऱ्यानं बांधलेलं मी सोडत नसतो.”

“कोनं बांधली, विचारलं नाही?”

“नाही. बरं वाटलं मले. वाटलं, कोनीतरी जपून राहिलं.” तिचा आवाज चिरला, पण लगेच कडक झाला. “कालपासून मी एवढंच विचारून राहिली, टीव्हीवर काय दिसते ते तरी सांगा. कोनी सांगाले तयार नाही. घरात पाय ठेवू देत नाही. अन् ज्यांनी बोलाचं, त्यांनी तोंड फिरवलं.”

“त्याइले बोलता येत नाही गं.”

“पाटी होती उशाशी,” हिमानी म्हणाली, आणि दार लागलं.

प्रेमानंद बंद दारासमोर उभा राहिला. मंगळवारी दुपारी पडदा शाबूत. बुधवारी सकाळी लाल कपडा. मधल्या वेळात मुकुंद ड्युटीवर, ताई पलंगावर, धर्मेंद्र पळालेला. घरात जागं माणूस एकच.

त्याला पुढचा प्रश्न विचारावासा वाटेना.

५

पंचफुलाबाई मागच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. मऊ, थकलेली बाई. लिहिता वाचता येत नव्हतं, पण गावच्या देवळात दरवर्षी पोथी लागली की पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत हलायच्या नाहीत.

“मी तं त्याले हातबी लावला नाही बाप्पा,” त्या आधीच म्हणाल्या.

“मावशी, मी ते विचारतच नाही.” प्रेमानंद समोर उकिडवा बसला. “मले पोथीचं काही समजत नाही. तुमच्याकडे वाचन झाल्यावर पोथी कशी ठेवते, ते सांगा ना.”

बाईंचा चेहरा खुलला. “पोथी उघडी नाही टाकाची बाबू. वाचणारा उठून गेला तं दुसऱ्यानं मिटावी. पानावर फूल ठेवावं, कुंकवाच्या अक्षता टाकाव्या, सुपारी ठेवावी, नमस्कार करावा, अन् मंग पोथी मिटून लाल कपड्यात...”

त्या थांबल्या. हातातलं सूप मांडीवर टेकलं.

“मंगळवारी तो पेटीवाला तसाच उघडा टाकून गेला,” त्या हळूहळू म्हणाल्या. “माह्या जावेचे एकवीस दिवस त्यात. पोथीच झाली नं ते. मी मिटलं. नीट मिटत नव्हतं, म्हणून जरासं दाबलं.” त्यांनी वर पाहिलं. “बुधवारच्या संध्याकाळी निर्माल्य काढलं, बोटभर उघडून. तवा तं पडदा काळाच होता. मशीन बंद असली की काळाच राहते ना? राहते ना, बाबू?”

“राहते, मावशी.”

“सुपारीनं?”

प्रेमानंदनं होकारार्थी मान डोलावली. “काच कागदापेक्षा नाजूक राहते. पण पडदाच फुटला. बाकी तुमच्या हातून काही गेलं नाही. हे माह्या तोंडून कोनाले समजणार नाही.”

“अन् त्या पोरीच्या नावानं जे झालं?”

पुढच्या दारी स्कूटर थांबल्याचा आवाज आला. इतवारीवाले वेळेच्या आधीच आले होते.

६

“दहा मिनिटं द्या,” प्रेमानंद त्यांना म्हणाला, आणि टीव्हीसमोर उभा राहिला. ताईंनी डोळे उघडले होते.

“मुकुंदभाऊ, ज्यानं सगळं पुसलं, त्यानं हा देव काहून ठेवला? मशीन पुसली असती तं हे चित्रबी गेलं असतं. कंपनीचा डोंगर आला असता. दुसरं. हा बाण डाव्या कडेले जाऊन गायब होते, उजव्या कडेले नाही. रस्ता भिंतीत संपत नसतो भाऊ. तिकडे अजून जागा आहे, म्हणून तो जाते.”

“कुठं जाते?” मुकुंदानं विचारलं.

प्रेमानंदनं लॅपटॉपच्या काळ्या डागावर बोट ठेवलं. “इथं. या फुटक्या पडद्यावर. या मशीनले अजून वाटून राहिलं की तिचा पडदा चांगला आहे. मंडपात हिमानी लॅपटॉपवर काम करे, अन् याच टीव्हीवर लोकांसाठी फक्त देव ठेवे. दोन पडदे, बाजूबाजूले जोडलेले. तुम्ही तोच टीव्ही जोडला, मशीननं तीच मांडणी आठवून लावली. फोल्डर, फाइल, सगळं फुटक्या बाजूले. तुम्ही पेनड्राइव्ह टाकला, ‘टुंग’ झालं, खिडकी उघडलीबी असन. पण या अंधारात.”

धर्मेंद्र खाली बसला. “म्हणजे पोरीनं काही...”

“तिनं देवाले मोठं ठेवलं अन् स्वतःचा पसारा लपवला. तिचा गुन्हा असन तं एवढाच.”

“अन् पडदा कोनं फोडला?” मुकुंद म्हणाला.

प्रेमानंद टीव्हीची केबल चाचपू लागला. मागच्या दारात पदर सावरत पंचफुलाबाई उभ्या होत्या.

“मी,” त्या म्हणाल्या. “पोथी समजून सुपारी ठेवली अन् दाबून मिटलं. माह्या हातून झालं, अन् बोल त्या लेकराले लागला. मुकुंदा, आता माह्याकडे बोट कर.”

मुकुंदाचा हात उचललाच गेला नाही.

प्रेमानंदनं कीबोर्डवर वाकून एक बटण धरून ठेवलं आणि ‘पी’ दाबलं. चित्र कोणत्या पडद्यावर दाखवायचं, त्याची यादी आता फुटक्या काचेवर आली असणार. कोणालाच दिसत नव्हती. आंधळ्यानं पायऱ्या मोजाव्यात तसं त्यानं बोटानं मोजलं आणि एंटर दाबलं.

मुरलीधर गेला. टीव्ही काळा पडला. ‘सिग्नल नाही.’

पंचफुलाबाईंच्या तोंडून बारीक किंकाळी निघाली. इतवारीवाले म्हणाले, “मी सांगितलं होतं ना!”

७

“एक घर पुढं सरकलं,” प्रेमानंद पुटपुटला. कपाळावर घाम आला होता. “एकदम फुटक्याच पडद्यावर गेलं.” त्यानं तेच बटण पुन्हा धरलं, पुन्हा मोजलं, या वेळी ओठ हलवत. एंटर.

टीव्ही उजळला. हिरवा डोंगर, त्यावर ओळीनं खुणा, आणि मधोमध एक फोल्डर. हिमानीनं त्याला नाव दिलं होतं, ‘ताई’. आत एकवीस फाइल. एकही कमी नाही.

मुकुंदानं पहिली लावली. हार्मोनियमचा सूर आला आणि मग तो बसका, ओळखीचा, भरदार आवाज, “बसले का सगळे? अवं मागच्या बायांनो, पुढं या वं! देव काही उसनं मागत नाही तुम्हाले!” आणि मंडपातलं हसू.

धर्मेंद्रनं तोंडावर रुमाल घेतला. पंचफुलाबाईंनी टीव्हीला हात जोडले. स्वतःचा आवाज ऐकताना कुसुमताईंचे ओठ शब्दाशब्दाला हलत होते. मिनिटभर तसं चाललं. मग त्यांनी हात वर केला. थांबवा.

आवाज थांबला. ताईंनी पाटी ओढली आणि लिहिलं, ‘पोरीले बोलवा.’

मुकुंद चप्पलही न घालता धावला. परत आला तो मान खाली घालून. “दारातून माफी मागतली. सगळं सांगतलं. ती म्हणते, समजलं, चांगलं झालं. पण दार उघडत नाही.”

ताईंनी पाटीवर आणखी एक ओळ लिहिली. ती त्यांनी कोणाला दाखवली नाही, पण प्रेमानंद जवळ होता, त्यानं वाचली. ‘मी मान फिरवली.’ मग पाटी पलंगावर ठेवून त्या उठल्या.

“ताई, टाके ओले आहे!” मुकुंद पुढे झाला. त्यांनी त्याला बाजूला सारलं. पंचफुलाबाईंनी खांदा दिला, तोही उंबऱ्यापाशी सोडला. गळ्यावरचं फडकं श्वासागणिक वर खाली होत होतं. गल्लीत ट्रक मागे घेणारा माणूस ‘आन दे’ म्हणता म्हणता थांबला. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. चाळीस वर्षं ज्या बाईच्या हाकेला हजार माणसं ‘हरी’ म्हणायची, ती बंद दारासमोर उभी होती, आणि तिला साधं ‘अगं’ म्हणता येत नव्हतं.

कडी वाजवायला त्यांनी हात उचलला, पण वाजवली नाही. दोन्ही तळवे समोर धरले. आणि टाळी दिली.

एक. दोन. जरा थांबून तिसरी. नामघोष सुरू करताना कीर्तनकार आधी ठेका देतो ना, तोच. अशक्त हातांचा, पण चुकत नव्हता. टाळी, टाळी, थांबा, टाळी. गल्लीत दुसरा आवाज नव्हता. प्रेमानंद ओट्यावर उभा होता. त्याला या ठेक्याचं नाव माहीत नव्हतं, तरी तो ठेका कोणापुढे तरी वाकून उभा आहे हे त्याला कळत होतं.

बराच वेळ ताई एकट्याच वाजवत राहिल्या. हात थकले. ठेका लांबला, दोन टाळ्यांमधलं अंतर वाढत गेलं. एक टाळी तर पडलीच नाही.

ती आतून पडली.

मग पुढची बाहेरून, त्यापुढची आतून. दाराच्या दोन्ही अंगांनी टाळीला टाळी मिळत गेली, आणि मगच कडी निघाली.

एवढीच गोष्ट, मंडळी. त्या दोघी काय बोलल्या ते विचारू नका. एकीला बोलता येत नव्हतं आणि दुसरीला सुचत नव्हतं. फक्त एक मागणं आहे. तुम्ही कुठंही कीर्तनाला बसाल, नामघोष रंगात येईल, हजार हात एकदम उठतील, तेव्हा त्यातली एक टाळी कुसुमताईंच्या नावानं वाजवा. त्यांची आठवण असू द्या.